त्याचे पाय बघा

‘किल’ लागला तेव्हा, म्हणजे जुलै २०२४ मध्ये, पुण्यातल्या एका थिएटरात रात्रीच्या खेळाला गेलो होतो. खेळ सुटल्यावर जिना उतरताना मागून एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “असले सिनेमे डोकं घरी ठेवूनच बघायचे असतात.” हा माणूस पावणेदोन तास माझ्या शेजारीच बसला होता. रेल्वेच्या डब्यातल्या त्या अरुंद वाटेत नायकाला मागे सरकायला जागा उरत नाही, तेव्हा त्यानं पाय आखडून घेतले होते. चाकू खाली पडला तेव्हा त्याची मान आपोआप त्या चाकूकडे वळली होती. कोण कुठं उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, दार कुठल्या बाजूला आहे, हे सगळं तो क्षणाक्षणाला टिपत होता. डोकं घरी ठेवून आलेल्या माणसाला हे जमतं का? आणि जिन्यावर येताच त्यानं त्या पावणेदोन तासांबद्दल जणू माफी मागून टाकली.

हे वाक्य मी गेली तीस-पस्तीस वर्षं ऐकत आलोय. ब्रूस ली, जॅकी चॅन, टोनी जा, इको उवैस यांचा विषय निघाला की सुशिक्षित मराठी घरात एक ठरावीक हसू उमटतं. लहान पोरानं चिखलात उडी मारली की मोठी माणसं हसतात, तसं. मला त्या हसण्याची चीड येते. आज ती चीड पूर्ण मांडायची आहे.

आधी समोरच्याचं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगतो. या सिनेमांवर पाच आरोप आहेत. पहिला, त्यांत बुद्धीला काम नाही. दुसरा, त्यांत कथा नाही आणि माणसंही नाहीत. मारामाऱ्या ओवायला जेवढा दोरा लागतो तेवढीच गोष्ट असते. तिसरा, एक पाहिला की सगळे पाहिल्यासारखेच. चौथा, ते हिंसेची चटक लावतात, पोरं बिघडवतात. आणि पाचवा, ही मिसरूड फुटलेल्या पोरांची स्वप्नं आहेत. प्रौढ माणसानं आणि विशेषतः बाईनं त्यात रमावं असं काही नाही. हे पाचही आरोप गंभीर आहेत. पाचही खोटे आहेत.

बुद्धीपासून सुरुवात करू.

माझं लहानपण कोल्हापुरात गेलं. मामा तालमीत जायचे आणि मला सोबत न्यायचे. एका सुट्टीच्या आदल्या रात्री तालमीतल्या पोरांनी वर्गणी काढून भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणला. कॅसेट होती जॅकी चॅनच्या १९७८ सालच्या ‘ड्रंकन मास्टर’ची, इंग्रजीत डब केलेली. तिथं बसलेल्या तिसेक जणांपैकी एकालाही त्यातला शब्द कळत नव्हता. वस्ताद हौद्याच्या कट्ट्याला टेकून बसले होते. वय सत्तरीचं, कान कुस्तीनं चुरगळून गेलेले. पोरं प्रत्येक ठोशाला ओरडत होती. वस्ताद गप्प. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हात काय, कुणीबी उचलतंय. त्याचं पाय बघ.”

मी पाय बघायला लागलो आणि सिनेमाच बदलला. ठोसा बसायच्या आधी टाच फिरत होती. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होतं, आणि ते गेलं की पुढचा वार कुठून येणार ते आधी कळत होतं. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाणारा तो माणूस खरं तर एकदाही तोल घालवत नव्हता. वस्ताद मध्येच पुटपुटत होते, “आता पवित्रा बदलणार.” आणि तो बदलत होता. पुढे प्रशिक्षणाचे प्रसंग आले, तोच पवित्रा तासन्‌तास धरून ठेवायचा आणि जरा हलला की शिक्षा, तेव्हा तालमीत हशा पिकला. तो ओळखीचा हशा होता. जोर-बैठकांनी मांड्या थरथरायला लागल्यावर वस्तादांची हाक कशी येते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भाषेचा एक शब्द कळत नसताना त्या म्हाताऱ्या माणसानं तो सिनेमा आमच्यापैकी कुणाहीपेक्षा नीट वाचला होता. त्याचं डोकं घरी होतं असं कोण म्हणेल?

या विद्येमागे किती वर्षं जातात ते बघा. जॅकी चॅनला लहानपणीच हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत दहा वर्षांच्या करारावर ठेवलं होतं. सॅमो हंग आणि युएन बियाव हे पुढे मोठे झालेले दोघंही त्याच शाळेतले. गाणं, कसरत, शस्त्रं, मुद्राभिनय सगळं तिथं शिकावं लागे. त्या शाळेतल्या मारझोडीचं समर्थन मी करणार नाही. पोरांना तसं वाढवू नये. पण त्या पोरांच्या अंगात मुरलेल्या विद्येला ‘हाणामारी’ म्हणून बाजूला सारणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे. दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य, आणि लाम साई-विंग हे वाँग फेइ-हुंग यांचे शिष्य. हीच साखळी गाण्यात असती तर आपण तिला घराणं म्हणून कानाच्या पाळीला हात लावला असता. तालमीतून आली म्हणून ती कमी कशी ठरते?

१९८५ सालच्या ‘पोलीस स्टोरी’चा शेवट आठवा. बाजारसंकुलाच्या मधोमध छतापासून तळमजल्यापर्यंत गेलेला एक धातूचा खांब, त्यावर दिव्यांच्या माळा. खलनायकाची माणसं खाली पळतायत आणि जिन्यानं उतरायला वेळ नाही. जॅकी कठड्यावरून उडी घेतो, खांब धरतो, दिवे फोडत मजल्यामागून मजले घसरत येतो आणि खालच्या काचेच्या छतातून जमिनीवर आदळतो. हे त्यानं एकदाच केलं. तळहात भाजले, पाठीला आणि कमरेच्या हाडाला इजा झाली. पडद्यावर ती उडी तीन कोनांतून लागोपाठ दाखवली आहे, कारण दिग्दर्शकही तोच होता आणि आपण काय केलं हे प्रेक्षकानं नीट पाहावं असं त्याला वाटत होतं. बुद्धी नाही म्हणता? उडी किती लांब मारायची, खांब कुठल्या उंचीवर पकडायचा, कॅमेरे कुठे लावायचे, ती कुठल्या क्षणी घ्यायची म्हणजे कथेत तिची निकड वाटेल, हा सगळा विचार आहे. तो शब्दांत केलेला नाही, एवढंच.

आता दुसरा आरोप: कथा नाही, माणसं नाहीत.

या आरोपाचे सर्वांत वजनदार फिर्यादी अमेरिकेतले समीक्षक रॉजर ईबर्ट. इंडोनेशियात बनलेला ‘द रेड’ २०१२ मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा त्यांनी त्याला चारपैकी एक तारा दिला. त्यांची तक्रार हीच होती: संवाद नाहीत, कथानक नाही, पात्रं नाहीत, माणुसकी नाही. ईबर्ट यांच्याबद्दल मला आदर आहे. सिनेमा कसा बघावा हे त्यांनी कितीतरी पिढ्यांना शिकवलं. पण या सिनेमात त्यांनी हात पाहिले, पाय पाहिले नाहीत.

‘द रेड’ची गोष्ट दोन ओळींत सांगता येते हे खरं. जकार्तातल्या एका ३० मजली इमारतीत तामा नावाचा गुंड राज्य करतो, खालच्या मजल्यांवर गुन्हेगारांना भाडेकरू म्हणून ठेवतो. २० पोलिसांची तुकडी आत शिरते, दारं बंद होतात आणि बाहेर पडायचं तर लढावं लागतं. सिनेमा उघडतो तो नायक रामाच्या घरात. पहाट. तो नमाज पढतो, व्यायाम करतो, झोपलेल्या गरोदर बायकोजवळ येतो. या मोजक्या क्षणांत त्याचा धर्म, त्याची शिस्त आणि त्याचं भय तिन्ही कळतं. मग एकदा तो जखमी साथीदाराला घेऊन एका भाडेकरूच्या खोलीत लपतो. भाडेकरू साधा माणूस आहे, त्याची बायको आजारी आहे. खोट्या भिंतीमागच्या सांदीत दोघं श्वास दाबून उभे असतात आणि बाहेरून कोयतेवाला भिंतीत पातं खुपसत जातो. एकदा पातं थेट रामाच्या गालात घुसतं. तो ओरडत नाही. पातं मागे ओढलं जात असताना तो त्यावरचं आपलं रक्त पुसून घेतो, कारण पात्यावर रक्त दिसलं तर सगळे संपले.

या एका कृतीत काय नाही? सहनशक्ती आहे, प्रसंगावधान आहे, शेजारच्या जखमी माणसाची काळजी आहे आणि ज्यानं आसरा दिला त्या भाडेकरूला जगवायची धडपड आहे. हे सांगायला दोन पानांचा संवाद लागला असता का? लागला असता तर तो प्रसंग कमअस्सल झाला असता.

त्याच सिनेमातला मॅड डॉग पाहा. यायान रुहियान हा अंगकाठीनं लहानखुरा माणूस ते काम करतो. त्याच्या हातात पिस्तूल आहे, समोर निःशस्त्र पोलीस अधिकारी आहे. तो पिस्तूल बाजूला ठेवतो आणि हातांनी लढतो, कारण चाप ओढण्यात त्याला समाधान नाही. पुढे साखळीला टांगलेल्या कैद्याला वाचवायला रामा येतो तेव्हा मॅड डॉग त्या कैद्याला स्वतः सोडवतो, म्हणजे दोघांशी एकदम लढता येईल. क्रूर आहे, मालकाशी इमानदार आहे, आणि आपल्या विद्येशी त्याहून इमानदार आहे. त्याचा भूतकाळ, त्याचं घर, काहीच आपल्याला सांगितलेलं नाही. तरी सिनेमा बघून आलेला एकही माणूस त्याला विसरत नाही. पात्र नाही म्हणता, तर मग लक्षात राहिलं ते कोण?

आणि हे फक्त इंडोनेशियातच घडलं असंही नाही. आंग ली यांच्या २००० सालच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधला दोन बायकांचा तो द्वंद्वप्रसंग घ्या. तरुण जेनच्या हातात चोरलेली अजोड तलवार आहे. अनुभवी शू लिएन एकामागून एक शस्त्र उचलते आणि ती तलवार प्रत्येक शस्त्र कापत जाते. शेवटी शू लिएनच्या हातात तुटकं पातं उरतं आणि तेच ती जेनच्या मानेवर टेकवते. तिथं ती थांबते. जेन थांबत नाही. ती शू लिएनचा दंड कापते. एकीकडे उत्तम शस्त्र आहे आणि आवर नाही. दुसरीकडे शस्त्र उरलेलं नाही आणि आवर शाबूत आहे. मोठ्या बहिणीची माया, धाकटीचा माज, दोघींमधला हेवा, सगळं त्या चार-पाच मिनिटांत उलगडतं. या सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, आणि मग आपल्याकडे लोक म्हणायला लागले की हा नेहमीसारखा मारामारीचा सिनेमा नाही. म्हणजे निकृष्ट असेल तेव्हा तो या प्रकारातला, आणि उत्कृष्ट निघाला की प्रकाराबाहेरचा! असा न्याय लावला तर कुठला प्रकार टिकेल?

आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकत लोक रात्र जागवत. तबला आणि पखवाजाची जुगलबंदी ऐकताना ‘यात कथा कुठे आहे’ असं कुणी विचारत नाही. एकानं मांडलं, दुसऱ्यानं ते उचललं, उलटवलं आणि वर चढवून परत दिलं, ही गोष्टच असते. चांगल्या लढतीत नेमकं हेच होतं. पहिल्या झटापटीत ओळख होते, दुसरीत मोजमाप, तिसरीत एकाची खोड दुसऱ्याला सापडते. जो हे वाचू शकत नाही त्यानं ‘मला वाचता येत नाही’ म्हणावं. ‘इथं काही लिहिलेलं नाही’ असं म्हणण्याचा त्याला अधिकार नाही.

याच्यातच तिसऱ्या आरोपाचं उत्तर आहे. सगळे सारखेच? ख्याल न ऐकणाऱ्यालाही सगळे राग सारखेच वाटतात. ‘द रेड’मधली लढाई पेंचक सिलाटची: अगदी अंगाशी जाऊन, कोपर, गुडघा आणि लहान पातं, समोरच्याचा हात हाताशी गुंतवून त्याचा तोल काढून घ्यायचा. २०१९ मध्ये युनेस्कोनं या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. २००३ सालच्या ‘ओंग-बाक’मध्ये टोनी जा जुन्या मुआय थाई पद्धतीनं लढतो, तिथं गुडघे आणि कोपरं वरून कोसळतात. २००८ सालच्या ‘इप मॅन’मध्ये डॉनी येन विंग चुनच्या सरळ रेषेत, छातीच्या मध्यावर साखळीसारखे ठोसे देतो, पाऊल इंचभरच सरकतं. किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’मध्ये बांबूच्या बनात लढणारी माणसं ऑपेराच्या तालावर थांबतात आणि उसळतात, त्या सिनेमाला १९७५ मध्ये कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला. या चारही सिनेमांना ‘सारखेच’ म्हणणं म्हणजे लाठी, दांडपट्टा, कुस्ती आणि मल्लखांब यांना एकाच पिशवीत कोंबणं.

वाईट सिनेमे आहेत, आणि भरपूर आहेत. एवढं मी मान्य करतो. ‘टेकन ३’मध्ये नायक कुंपणावरून चढून जातो, त्या काही सेकंदांत डझनभराहून जास्त कट आहेत. कोण कुठं आहे कळत नाही, अंग कुठं संपतं आणि कुंपण कुठं सुरू होतं तेही कळत नाही. ही लपवाछपवी आहे. याच्या उलट २००५ सालच्या ‘टॉम यम गूंग’मध्ये टोनी जा एका उपाहारगृहाच्या गोल चढावानं मजल्यामागून मजला वर जात लढतो, आणि कॅमेरा जवळजवळ चार मिनिटं एकही कट न घेता त्याच्या मागे असतो. चौथ्या मजल्यापर्यंत येताना त्याचा श्वास खरोखर लागलेला दिसतो. फसवणूक कुठे आहे आणि खरेपणा कुठे, हे यातून कुणालाही कळेल. मग पहिल्याच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला का?

आता चौथा आणि सर्वांत जड आरोप: हिंसा.

पिस्तुलाच्या सिनेमात माणूस मरायला एक बोट पुरतं. नायक चाप ओढतो, लांबवर कुणीतरी कोसळतं, आपल्याला त्याचा चेहराही दिसत नाही. अशा सिनेमांना आपण थरारपट म्हणतो आणि मुलांना घेऊन जातो. हातांनी लढायच्या सिनेमात मारणाऱ्याला समोरच्याच्या श्वासाइतकं जवळ जावं लागतं. मारणाऱ्याची बोटंही मोडतात. पडलेला माणूस विव्हळतो, उठायला बघतो, त्याला उठता येत नाही. शरीर मोडतं तेव्हा काय होतं हे या सिनेमांइतकं सरळ कोण दाखवतं? ‘किल’ची जाहिरात हिंसेवर झाली, ठीक. पण त्यातले दरोडेखोर एकमेकांचे काका, भाऊ, बाप, मुलगे आहेत. प्रत्येक मुडद्यापाशी कुणीतरी बसून हंबरडा फोडतं. नायकानं मारलेल्या माणसासाठी रडणारं माणूस पडद्यावर किती सिनेमे दाखवतात? तुमच्या त्या ‘सभ्य’ थरारपटांतला एक तरी?

पोरं बिघडतात म्हणता. माझी भाची कराटेच्या वर्गाला जाते. पहिल्या महिन्यात तिला वाकून नमस्कार करायला आणि पडायला शिकवलं. आता जोडीदारासमोर उभं राहून ती पूर्ण वेगानं मूठ सोडते आणि त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबवते. थांबवता आली नाही तर गुण जातात. ती या वर्गाला आली ती जॅकी चॅनचा सिनेमा बघून. सिनेमानं तिला हिंसा शिकवली असेल, तर ती हिंसा कुठे आहे? मला तर आवर दिसतो. जपान आणि हाँगकाँग यांनी गेली साठ वर्षं जगाला तलवारीचे आणि मुठींचे सिनेमे पुरवले आणि स्वतःही ते पोटभर पाहिले. खुनांचं प्रमाण जगात सर्वांत कमी असलेल्या ठिकाणांत ही दोन्ही मोडतात. सिनेमामुळे तिथं खून कमी झाले असा दावा मी करत नाही. सिनेमामुळे खून वाढतात असा दावा करणाऱ्यांनी मात्र आधी याचं उत्तर द्यावं.

पाचवा आरोप असा की ही पोरकट, पुरुषी स्वप्नं आहेत. पुरुषी? १९६६ साली किंग हू यांनी ‘कम ड्रिंक विथ मी’ काढला, तेव्हा लढणारी नायिका होती चेंग पेइ-पेइ, नृत्याचं शिक्षण घेतलेली मुलगी. त्या काळात आपल्या पडद्यावरच्या बहुतेक नायिका वाचवल्या जायची वाट बघत होत्या. मलेशियातली मिशेल यो लंडनला बॅले शिकली आणि मग हाँगकाँगमध्ये लढायला लागली. १९९२ च्या ‘पोलीस स्टोरी ३’मध्ये तिनं मोटरसायकल उडवून धावत्या आगगाडीवर उतरवली. २०२३ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. बाईच्या अंगात सामर्थ्य असू शकतं हे दाखवण्यात या ‘पुरुषी’ सिनेमानं आपल्या सोवळ्या कौटुंबिक सिनेमाला कित्येक दशकं मागे टाकलं.

आणि स्वप्न? १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मध्ये ब्रूस लीचा चेन झेन शांघायमध्ये चिनी माणसांचा अपमान करणारी पाटी उंच उडून लाथेनं फोडतो. ज्यांनी आपल्याच देशात आपल्याला मज्जाव करणाऱ्या पाट्या पाहिल्या होत्या, त्या आशियातल्या माणसांना ती लाथ पोरकट वाटली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही अशा पाट्या पाहिल्या होत्या. पण सिनेमा तिथं संपत नाही. शेवटी चेन झेन बंदुका रोखलेल्या माणसांच्या दिशेनं झेप घेतो, चित्र थिजतं आणि गोळ्यांचे आवाज येतात. स्वप्नरंजन असतं तर तो जिवंत घरी गेला असता.

१९७८ च्या ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’चा तर मोठा भाग निव्वळ शिकण्याचा आहे. सान ते नावाचा तरुण मठात येतो. त्याला पाण्याच्या बादल्या हात आडवे पसरून वाहायला लावतात, आणि दंडांना आतून पाती बांधलेली असतात. हात जरा खाली आले की ती बरगडीत टोचणार. लांब दांड्याच्या टोकाला वजन लावून मनगटाच्या जोरावर घंटा वाजवायची. चुकायचं, पुन्हा करायचं. अशा ३५ दालनांतून पार पडल्यावर तो काय मागतो? सत्ता? सूड? तो म्हणतो, छत्तिसावं दालन काढू द्या, जिथं मठाबाहेरच्या साध्या माणसांना ही विद्या शिकता येईल. विद्या चार भिंतींत कोंडायची की रस्त्यावर आणायची, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रानं किती रक्त आटवून सोडवला आहे! आणि तोच प्रश्न विचारणारा सिनेमा आपण पोरकट म्हणून ढकलून देतो?

हे सगळं पाहिल्यावर एकच गोष्ट उरते. या पाचही आरोपांच्या बुडाशी एकच समजूत आहे: शरीरानं केलेलं काम हलकं आणि तोंडानं केलेलं काम भारी. बोलून दाखवलेलं दुःख म्हणजे अभिनय. पाठीवर झेललेलं दुःख म्हणजे ‘स्टंट’. बसून लिहिणारा विद्वान. पहाटे चारला उठून जोर काढणारा ‘पैलवान माणूस, डोकं कमी’. ही जुनीच उतरंड आहे आणि ती फक्त सिनेमापुरती नाही. सिनेमाच्या पुरस्कारांतही ती दिसते. आपले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून दिले जातायत. लढती बसवणाऱ्याला त्यात स्वतंत्र जागा मिळाली २०१७ मध्ये, आणि तो पहिला मान ‘पुलिमुरुगन’साठी पीटर हाइन यांना मिळाला. ऑस्करनं स्टंटसाठी स्वतंत्र पुरस्कार देण्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं, आणि तोही २०२७ मधल्या सिनेमांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यात. शंभर वर्षं माणसं पडत राहिली, भाजत राहिली, हाडं मोडून घेत राहिली, आणि त्यांचं नाव घ्यायला शंभर वर्षं लागली.

म्हणून मला ते जिन्यावरचं वाक्य सहन होत नाही. ते एका सिनेमाबद्दल नव्हतंच. अंगाला अक्कल नसते, असं ते सांगत होतं. सुतार रंधा मारताना लाकडाची नस हातानं ओळखतो, कोळी पाण्याचा रंग बघून जाळं कधी टाकायचं ते ठरवतो, आई तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून औषधाची वेळ सांगते. हे ज्ञान आहे. वर्षांनुवर्षं अंगात भिनलेलं, शब्दांत न मावणारं, पुस्तकात न उतरणारं ज्ञान. लढतीचा चांगला सिनेमा हा या ज्ञानाचा सोहळा आहे. माणूस आपल्या हाडामांसातून किती विचार करू शकतो, किती सोसू शकतो, आणि कुठे थांबू शकतो, हे तो दाखवतो. ते बघताना आपल्याला आनंद होतो, याची लाज कसली?

त्या गृहस्थांना मी जिन्यात काही बोललो नाही. त्यांची बायको मात्र दोन पायऱ्या उतरून म्हणाली, “पण त्या शेवटच्या मारामारीत त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं, पाहिलंत?” तिनं पाय पाहिले होते. वस्ताद असते तर म्हणाले असते, हिला तालमीत आणा.